पुढचा डावा खांब

बाळ मप्पा,

मकासर शहरात बसून तू किनाऱ्यावरची आपली जागा पर्यटकांच्या हॉटेलसाठी विकलीस. राग नाही. गेल्या शुक्रवारी नमाजानंतर साठ माणसांनी आपलं लाकडी घर खांबांसकट उचललं आणि टेकडीखाली तुझ्या काकाच्या बागेत नेऊन ठेवलं.

आपल्या रीतीनं पुढचा डावा खांब थोरल्या मुलानं उचलायचा, म्हणजे तू. तिथं कुणी उभं राहीना, म्हणून मीच गेलो. शेजारचा कादिर म्हणाला, "म्हातारबा, घर उचलताय की घराला लोंबकळताय?" सगळे हसले, मीही हसलो.

खांदा अजून दुखतो. हे वाचून तू खालमानेनं येशील, म्हणून पत्र टाकत नाही. सहज आलास तर चुकामूक नको, म्हणून रोज संध्याकाळी जुन्या जागी जाऊन बसतो.

तुझा बाप,
आंबो साके