विस्तव देणारी बाई

माय,

आज शाळेत पुन्हा त्या मालिकेवरून वाद झाला आणि मी पुन्हा तिची बाजू घेतली. आता खरंच जीवावर येतं. दूरदर्शनवर ती लागून गेली त्याला किती वर्षं झाली, तिच्यात काम करणारे म्हातारे झाले, काही गेलेही, तरी दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी ती कुठूनतरी उकरून काढतं आणि म्हणतं, फार संथ आहे हो, फार काळी आहे, एकही चांगलं माणूस नाही तिच्यात. मग मी जेवणाचा डबा बाजूला सारते आणि सुरू होते. पूर्वी आवाज चढायचा माझा. आता पाठ केलेला धडा म्हणावा तशी बोलते. संथ आहे कारण गावात असल्या गोष्टी संथच चालतात. काळी आहे कारण त्या वर्षांत तसंच होतं. बोलता बोलता मधेच वाटतं, जाऊ दे बाई, कुणाला सांगायलीस.

मालिका म्हटलं की मला पडदा नाही, वाड्याच्या दारालगतची आपली ढाळज आठवते. दादांनी परभणीहून आणलेला तो काळा-पांढरा टीव्ही ढाळजेतल्या कोनाड्याशेजारी, आणि वर माळवदावर अँटेना. वारं सुटलं की कुणीतरी वर चढायचं, खालून आम्ही ओरडायचो, आलं, गेलं, थोडं पेडगावच्या बाजूला फिरव. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची तेव्हा बाया आंघोळी करून यायच्या, टीव्हीला हळदीकुंकू लागायचं. आपल्या भावकीतल्या बाया आत सतरंजीवर. गावाखालच्या वस्तीवरच्या बाया बाहेर अंगणात. कुणी कुणाला बस म्हणायचं नाही की ऊठ म्हणायचं नाही, ज्याची त्याची जागा ज्याला त्याला ठाऊक. तू उंबऱ्यात बसायचीस. चूलही दिसते आणि टीव्हीही, असं म्हणायचीस. पुढं पुढं ही दुसरी मालिका सुरू झाली, शनिवारी संध्याकाळी, तेव्हाही सगळ्या आपापल्या जागी तशाच बसल्या. तिच्यात एक गाव होतं. त्या गावातली वस्ती एका संध्याकाळी जळते आणि पुढचे सगळे भाग गाव त्या आगीविषयी सोडून बाकी सगळं बोलतं. एवढीच गोष्ट. हिंदी होती, पण हिंदी तुला आमच्यापेक्षा बरी कळायची. तुझं माहेर जिंतूरचं, शेजार मोहल्ल्याचा.

तिसऱ्या का चौथ्या आठवड्यातच काकांचं डोकं फिरलं. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, तुझे दीर. सोसायटीचे चेअरमन झाले होते तेव्हा, आणि गावाची अब्रू आपल्याच खिशात आहे असं त्यांना वाटायचं. "आपलेच दात अन् आपलेच ओठ," ते म्हणायचे. "दिल्लीवाल्यायला काय जातंय? नामांतराचं भिजत घोंगडं अजून सुकलं न्हाई, अन् हे इकडं काड्या घालायलेत." शाळेतले गुरुजी त्यांच्या मागं मान डोलवायचे, त्यांचा मुद्दा वेगळा होता, यातून निष्पन्न काय होतं. दादा पान लावत बसायचे. त्यांना मालिका आवडते का नाही हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मी परभणीला कॉलेजात होते, शनिवारी घरी यायची, आणि मला त्या वयात सगळंच कळत होतं. मी म्हणायची, ही मालिका म्हणजे समाजाचा आरसा आहे. तू फस्सकन हसलीस. "आरसा म्हणं. आरशात आपुन नीटनेटकं होऊन बघताव." तुझं भांडण अगदी साधं होतं. "भावजी, पुरतं तं बघा," तू काकांना म्हणायचीस. "अर्ध्यावरून उठून भाकर कच्ची म्हनू नका. देवाचं लागतंय तवा समद्यायला दार उघडं, अन् माणसाचं लागलं की दार लावायचं व्हय?" वहिनी म्हणून ते गप्प बसायचे. तू एवढी हट्टाला का पेटलीस हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, लेक कॉलेजात शिकती म्हणून माय लेकीच्या बाजूनं बोलती. मला तेव्हा त्याचा अभिमानही वाटायचा, सांगून टाकते.

मग तो भाग लागला. बाहेर आभाळ भरलेलं आहे, लाईट जाईल का राहील अशी धाकधूक आहे, अंगणात वस्तीवरच्या बाया पदर डोक्यावर घेऊन बसल्यात. आपल्या शेतात खुरपायला येणारी म्हातारी सगळ्यांत पुढं, जोत्याला टेकून. पडद्यावर मोठ्या घरची एक बाई चुलीपुढं बसलेली. तीन माणसं दारात येतात, विस्तव मागतात. ती काही बोलत नाही. चिमट्यानं निखारे उचलते, खापरात घालते आणि खापर त्यांच्या हातात देते. बस. किती वेळ नुसते तिचे हात दाखवत होते. गुरुजींनी जांभई दिली. काका मोठ्यानं म्हणाले, "हे पाक खोटं हाय. मोठ्या घरची बाई असं करंल? वस्ती जाळायला इस्तू देईल? असं कुठं घडतं?" आणि तू उंबऱ्यातून म्हणालीस, "घडतं." आवाज चढवला नाहीस, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणालीस. काका वळले. तू त्यांच्याकडं बघत म्हणालीस, "म्या दिलाय, भावजी. तुमालाच दिलाय."

टीव्ही चालूच होता. त्यात कुणीतरी बैल सोडत होतं. दादांच्या हातात पान तसंच राहिलं. मग काका हसले, खोटं, कोरडं हसले, आणि म्हणाले, "ह्ये डबडं बघू बघू वैनीचं डोस्कं फिरायलंय." कुणी हसलं नाही. अंगणातून बाया उठल्या, एक एक करून, लुगड्याची धूळ झटकून. म्हातारी सगळ्यांत शेवटी उठली. मला वाटलं ती तुझ्याकडं बघेल. तुलाही वाटलं असणार, कारण तू उभी राहिली होतीस. ती फाटकातून निघून गेली, रोज शेतातून जाते तशी.

नंतर चुलीपुढं मी तुला विचारलं, आणि तू भाकरी थापत थापत सांगितलंस. मला तो प्रसंग आठवत होता, अर्थ माहीत नव्हता. विधानसभेत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांची, चुलीपाशी दूधभाकर खात बसले आहे. आठ दिवस झड लागलेली, घरोघरच्या आगपेट्या सादळलेल्या, एक काडी ओढावी तर गुल निघून यायचं. देवापाशी दिवा लागलेला आहे. काका दारात येतात, त्यांच्या मागं अंधारात आणखी कुणी. वैनी, इस्तू दे. तू म्हणतेस, "दिवेलागण झाली भावजी, आता इस्तू देत न्हाईत घरातून." ते म्हणतात, "मळ्यात चिलीम पेटवायची हाय, दे बरं." आणि तू देतेस. दिवे लागल्यावर घरातून विस्तव, मीठ, दही बाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हे तर आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पुढं थोड्या वेळानं खालच्या बाजूला, वस्तीवर, उजेड झाला. माणसं ज्वारीत पळाली म्हणून वाचली. घरं गेली. म्हातारीची बांधलेली शेळी गेली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "दुपारपासून समदं गाव बोलायलतं. मला कसं माहीत नसंल?" तू म्हणालीस. "मग दिलास का?" त्यावर तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "रिवाज हाताशी होता गं. देत न्हाईत म्हनून दार लोटून घेतलं असतं तं कोन काय म्हनलं असतं? सासूबाईनंबी माझीच बाजू घेतली असती. पर म्या एकदाच म्हनले. दुसऱ्यांदा म्हनायला पायजे होतं." आणि मग म्हणालीस, "त्या टीव्हीतल्या बाईचं पुढं काय करतेत ते बघायचंय मला. कोनी तिला इचारतंय का, का तशीच मरती. तेवढं बघू दे, मग टीव्ही गेला चुलीत."

पण दादांनी त्या भागाच्या पुढं काही बघूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्ही घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत घातला आणि परभणीला दुरुस्तीला नेला. टीव्हीला काही झालं नव्हतं. हे दादांना ठाऊक, तुला ठाऊक, गाडी हाकणाऱ्या सालगड्याला ठाऊक. मालिका संपेपर्यंत तो दुरुस्त झाला नाही, संपली आणि लगेच झाला. दादा तुला एक शब्द बोलले नाहीत, आणि तूही त्यांना टीव्ही कधी आणता म्हणून विचारलं नाहीस. काका येऊन सांगून गेले, झाकली मूठ सव्वा लाखाची, वैनी. मी घरी आले की तू मात्र मला विचारायचीस, "तिकडं कोनाकडं बघितलीस का? काय झालं तिचं?" माझ्या खोलीवर टीव्ही नव्हता. घरमालकांकडं होता, पण त्यांनीही ती मालिका बंद केली होती, पोरांवर वाईट परिणाम होतो म्हणून. मी दर वेळी सांगायची, बघीन, विचारीन कुणाला तरी.

वस्तीवरच्या बाया परत टीव्ही बघायला आल्या नाहीत, रविवारीही नाहीत. म्हातारी खुरपायला येत राहिली. तू तिच्या आसपास घुटमळायचीस, पाण्याची घागर स्वतः घेऊन जायचीस, आणि ती पाणी पिऊन पुन्हा वाकायची. विद्यापीठाचं नाव वाढवलं ती संक्रांत आठवते मला. गावात सगळे दारं लावून बसले होते, पुन्हा काही होतं की काय म्हणून. तू पदराखाली तीळगूळ घेतलास आणि एकटी खाली वस्तीवर गेलीस. या घरातली बाई वाण घेऊन तिथं कधी गेली नव्हती. मी दादांच्या भीतीनं फाटकातच उभी राहिले. तू लगेच परत आलीस. म्हातारीनं तीळगूळ घेतला, पदराला गाठ मारून ठेवला, म्हणाली, "बरं हाय, बाई," आणि ज्वारी निवडायला लागली. तू घरी येऊन पाटावर बसलीस आणि म्हणालीस, "चार शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं." त्याच उन्हाळ्यात तू गेलीस.

तेव्हापासून मी त्या मालिकेची वकिली करत आले. लोक तिला खोटी म्हणाले की ते तुला खोटी म्हणाल्यासारखं लागतं मला. शेवट मी बघितला नव्हता. तुझ्यावाचून बघू नये असं काहीतरी मनात होतं, मूर्खपणाच. आता ती सगळी फोनवर मिळते.

आज शाळेत बोलत होती ती नवीन लागलेली शिक्षिका, पोरगीच आहे, पूर्णेची, वस्तीतच वाढलेली. संथ, काळी, असलं काही म्हणाली नाही ती. म्हणाली, "मॅडम, यात आमची माणसं नुसती जळायला आहेत. बोलायला तुमचीच." मी माझा धडा सुरू केला. तू ते दिवस बघितले नाहीस, म्हणाले. ती म्हणाली, "माझ्या आजीनं बघितलेत." आणि मग अगदी सहज विचारलं, "ते जाऊ द्या. ती विस्तव देणारी बाई असते ना, तिचं पुढं काय होतं? मला तर ती नंतर कुठं दिसलीच नाही."

घरी येऊन मी राहिलेले भाग बघितले, माय. ती पोरगी बरोबर सांगत होती. तुझी बाई खापर देते आणि त्यानंतर मालिकेत कुठंही नाही. कुणी तिला विचारत नाही, ती कुणाकडं जात नाही, मेली का जगली तेसुद्धा नाही. काका आणि गुरुजी काय वाट्टेल ते बोलले, पण हे त्यांच्याही लक्षात आलं नसतं. बघून झाल्यावर मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले, तुला कळवावं म्हणून, आणि आता वाटतं की नाही कळलं तर बरं. कपाटात साड्यांखाली राहील हे.

एक तेवढं सांगते. त्या पोरीनं विचारलं तेव्हा मला राग आला नव्हता. इतक्या वर्षांत त्या बाईचं पुढं काय झालं असं विचारणारी तुझ्यानंतर ती एकटीच. स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. तास सुरू व्हायला वेळ होता. मला सगळं सांगता आलं असतं, संक्रांतीपर्यंतचं. मी डबा बंद केला आणि म्हणाले, घंटा झाली वाटतं.