होकायंत्र ठीक होतं

दि. २ फेब्रुवारी

चि. घारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नऊ तारखेला तू एकटी विमान घेऊन तीन गावांची फेरी करणार, हे वाचून आईने आधी डोळे पुसले आणि मग शेजारच्या काकूंना वर्दी द्यायला गेली. मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. तुझी वाट आपल्या घरापासून जेमतेम वीस किलोमीटरवरून जाते. एवढ्या जवळ येणारच आहेस, तर जरा वाट वाकडी करून आमच्या डोक्यावरून जा. आम्ही सगळे गच्चीवर असू. लिफ्ट दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. माणसं वर न्यायची ती पाचव्या मजल्यापर्यंत. त्याच्याही वर गेलेली माझी लेक एकदा बघू दे.

चष्मा लावत जा. वर तुझ्याकडे बघायला कोणी नसतं.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बाबा


दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी वाचा.

फेरी पुरी झाली नाही. पहिलं गाव बिनचूक गाठलं. दुसऱ्याकडे जाताना मात्र वाट चुकले. खाली धुरकट होतं. नकाशातली नदी डावीकडे दिसायला हवी होती, ती कुठेच दिसेना. इंधनाचा काटा पावाच्याही खाली आला, तेव्हा पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांची एक मातीची पट्टी दिसली. तिथे उतरले. पहारेकऱ्याने मला खुर्ची आणून दिली.

आमच्या उड्डाणशाळेचे मोठे सर जीपने आले. त्यांनीच विचारलं, की होकायंत्राने दगा दिला का. मी हो म्हटलं. मग तसं लिहूनही दिलं. उतरले छान, म्हणून सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. होकायंत्र तपासणीला गेलंय. आदल्या दिवशी ते बघून सही करणाऱ्या मेकॅनिककाकांना अहवाल येईपर्यंत घरी बसवलंय. ते आठ महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. वाईट वाटतं, पण नियमच तसा आहे.

आईला फार खोलात सांगू नका. लोभ आहेच, तो असू द्या.

तुमची,
घारू


दि. १५ फेब्रुवारी

चि. घारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला एकदा वाचून दाखवलं. मग दुपारी एकट्याने दोनदा वाचलं.

नऊ तारखेला दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू आपल्या गच्चीवरून गेलीस. दोन घिरट्या घेतल्यास, पंख हलवलेस. काकूंनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या पत्रात याबद्दल अवाक्षर नाही. होकायंत्र बिघडलेल्या माणसाला आपलं घर इतकं नेमकं कसं सापडलं, हे काही मला उमगत नाही.

चूक आधी माझी. वाट वाकडी कर, असं मीच हौसेने लिहिलं आणि पंचवीस माणसं गच्चीवर गोळा केली. आता जिन्यात कोणी कौतुकाने चौकशी केली, की मी किल्ली शोधायचं सोंग करतो.

यंत्र बंद पडलं की पहिलं बोट मेकॅनिककडे जातं. ते बोट मी खूपदा झेललंय. घरी येऊन जेवायचो नाही, तेव्हा तुला वाटायचं बाबा दमलेत.

तू सांगणार नसशील तर मी सरांना लिहीन. पण ते पत्र माझ्या अक्षरात जाऊ नये.

तुझा,
बाबा


दि. २० फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सतराला मिळालं. त्याच दुपारी सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं: घर बघायला वळले, दोन घिरट्या घेतल्या, परत वाटेला लागताना किती वळायचं याचा हिशेब चुकला, आणि होकायंत्र शेवटपर्यंत बरोबर दाखवत असताना मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तुमच्या पत्राचं नाव घेतलं नाही. विमान वळवलं होतं ते मीच. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मी आधी लिहून दिलेला कागद माझ्यासमोर ठेवला आणि खाली खरं लिहायला सांगितलं. तीन महिने उड्डाण बंद. पुढचं नंतर ठरवतील. वर्गात सगळ्यांना कळलंय. डबा खायला मी मागच्या पायरीवर बसते.

मेकॅनिककाका काल कामावर आले. मी विमानं ठेवायच्या हँगरमध्ये गेले, तेव्हा ते इंजिनाच्या झाकणाखाली वाकलेले होते. पाठ करून आणलेली माफी म्हणून दाखवली. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आठ दिवस घरी बसून मी ती तपासणी मनात पुन्हा पुन्हा करत होतो. शेवटी शेवटी मला माझेच हात खोटे वाटायला लागले."

मी तिथेच उभी राहिले. मग त्यांनी मागे न बघता विजेरी माझ्या हातात दिली. मी उजेड धरला. तो भलतीकडेच पडत होता. ते म्हणाले, "नीट धर, मला दिसत नाही."

मी दोन्ही हातांनी धरला.

आईला आता सगळं सांगा. रागावलात तरी लिहीत राहा, एवढंच मागते.

तुमची,
घारू