शेवटचे पान कोरेच ठेवावे

मी, चष्म्याच्या दुकानाचा मालक, वय एकाहत्तर, नजर अधू पण डोके ठिकाणावर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके घरात माझ्याशी कोणी बोलतही नाही.

१. राहते घर मुलाला व सूनबाईंना समसमान. गच्चीकडची खोली मात्र सूनबाईंची. तिथे बसून त्या काय करतात, हे कोणी विचारू नये.

२. दुकान, भिंगांची पेटी व नंबर तपासायचे यंत्र पुतणीला. तिला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, पण तिचा नंबर चुकत नाही.

३. धाकट्या मेहुण्यांना काही नाही. माझी पहिली गोष्ट छापून आली तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "आता चष्मेवालेही लिहायला लागले का?" त्यांना वाचायचा चष्मा मी फुकट दिला होता. तो त्यांनी ठेवून घ्यावा, जमल्यास वापरावा.

४. साथीच्या काळात दुकान बंद होते. तेव्हा आम्ही सातजण दर रविवारी दुपारी फोनच्या पडद्यावर जमत असू. गावे वेगळी, ओळखदेख नाही, सगळेच चोरून लिहिणारे. आमचा रिवाज असा: वाचणाऱ्याने शेवटाआधी थांबायचे, बाकीच्यांनी शेवट ओळखायचा, खरा शेवट पुढच्या रविवारी. त्या शेवटाच्या आशेवर आम्ही आठवडा ढकलत होतो.

एका रविवारी शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईंनी वाचले. गोष्टीत शेजारी राहणारे दोन म्हातारे जीव रोज झोपण्याआधी मधल्या भिंतीवर थाप मारतात. 'आहे मी' एवढेच कळवायचे. एके दिवशी त्याची थाप येत नाही. ती उठून त्याच्या दाराशी जाते, कडी वाजवायला हात उचलते. बाई तिथे थांबल्या.

बाकीच्यांनी त्या बिचाऱ्याला मारून टाकले. मी म्हणालो, "त्यानं मुद्दाम थाप मारली नाही. तिनं यावं म्हणून."

बाई हसल्या. "चष्मेवाले, फार जवळ आलात हं! बाकीचं पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी त्यांची चौकट रिकामी होती. मधल्या आठवड्यात त्या साथीने दवाखान्यात वारल्या, एकट्या. मुलीलाही आत सोडले नाही. शेवट त्या वाचायच्या दिवशी सकाळीच लिहीत, म्हणून तो कुठेच सापडला नाही. मी त्यांना कधी उभे राहिलेले पाहिले नाही. त्या उंच होत्या, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळले. माझे त्यांच्यावर प्रेम होते. विधुराने या वयात असे लिहावे का, याची मला आता फिकीर नाही.

५. पुढे आमच्या गोष्टींचे पुस्तक निघाले. सगळ्यांच्या संमतीने करार माझ्या नावावर आहे. प्रकाशक म्हणाले, "अपुरी गोष्ट कोण घेणार? तुम्हीच लिहून टाका की शेवट. तुम्ही जवळ आला होतात ना?" मी नाही म्हटले. जवळ येणे म्हणजे पोचणे नव्हे. भांडून भांडून त्या गोष्टीनंतर एक पान कोरे ठेवून घेतले. दर आवृत्तीला ते पुन्हा विचारतात. माझ्या पश्चात पुस्तकाचे हक्क बाईंच्या मुलीकडे जावेत, एकाच अटीवर: ते पान कोणी भरू नये. त्यासाठी प्रकाशक माझ्या मरणाची वाट पाहत असतील, तर त्यांची फजिती व्हावी.

६. माझ्या टेबलाच्या खणात मऊ कापडात गुंडाळलेला बायकी चष्मा आहे. बाईंच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली असे. मला ते बघवेना. नंबर मागवून नवा केला, पण रस्ते बंद होते, पोचवता आला नाही. तो कोणाला देऊ नये. मला नेताना माझ्या शर्टाच्या खिशात ठेवावा. बाई कुठे भेटल्याच, तर उरलेली गोष्ट लिहायला त्यांना लागेल.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४, रविवार

सही: चष्मेवाले

साक्षीदार:
१. दातांच्या डॉक्टरीणबाई
२. निवृत्त बस ड्रायव्हर

दोघेही आमच्या रविवारच्या मंडळातले, आज पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटले. सही करण्याआधी दोघांनी मला उभे राहून दाखवले. मीच तशी विनंती केली होती.