रशीदभाईंच्या पाच रेकॉर्डी

४ जाने. १९८७, रवि.
सकाळी कसबा पेठेत. ग्रामोफोनची पिन हवी होती. रशीदभाईंचं दुकान म्हणजे एक खोली: वर भोंगे, खाली उघडी मशिनं, मधे ते. पिन शोधता शोधता एक रेकॉर्ड लावली त्यांनी. अमेरिकेतल्या डोंगरी मुलखातलं गाणं, साठेक वर्षांपूर्वीचं. व्हायोलिन, पण आपल्यासारखं नव्हे, करवतीसारखं धावणारं. सोबत बँजो, एक पुरुष नाकात गातोय. आधी हसू आलं. तिसऱ्या कडव्याला हसू गेलं.
पिन घ्यायची राहिलीच.

७ जाने.
शाळा सुटल्यावर पुन्हा गेले. र.भाई म्हणाले, "बाई, शब्द सोडा. वाजवणाऱ्याचा पाय ऐका." खरंच, व्हायोलिनच्या मागे लाकडी जमिनीवर बुटाची टाच पडते. एकदा ऐकू आली की दुसरं काही ऐकूच येत नाही.
अशा अकरा रेकॉर्डी. मिशनच्या दवाखान्यातली अमेरिकन नर्स मायदेशी जाताना र.भाईंच्या वडिलांना देऊन गेली. तिचा ग्रामोफोन तेच दुरुस्त करायचे.

१४ जाने.
तिळगूळ घेऊन गेले. चहा झाला. आज त्यांनी बाईच्या आवाजातली एकुलती एक रेकॉर्ड लावली. नुसता आवाज आणि गिटार. आईचं घर सोडून निघालेल्या मुलीचं गाणं. ती नर्स हे लावायची आणि रडायची. का, ते सांगितलं. तिला इथे मूल झालं होतं, लग्नाशिवाय. आठ दिवसांनी गेलं. त्याची छोटी पेटी र.भाईंच्या वडिलांनी केली, आणि पुरायलाही तेच सोबत गेले.
"हे कुणाला बोललो नाही आजवर," म्हणाले. "तुमच्यापाशीच ठेवा."
निघताना पाच रेकॉर्डी जुन्या चादरीत गुंडाळून दिल्या. ते कुणाला देत नाहीत. "तुम्ही नीट ऐकता," म्हणाले.

२५ जाने., रवि.
आमच्या कोथरूडच्या श्रोता मंडळात माझी पाळी. दर महिन्याला एकाने ऐकवायचं. आजवर फक्त ख्याल-ठुमरी, कधी नाट्यगीत. मी म्हटलं, अमेरिकन लोकसंगीत. बँजो ऐकून लेले (अध्यक्ष) म्हणाले, "गणपतीच्या मिरवणुकीतला का?" सगळे हसले. मग मी म्हटलं, वाजवणाऱ्याचा पाय ऐका. सगळे पुढे वाकले. पाटणकरबाईंनी तर डोळे मिटले.
शेवटी लेले म्हणाले, "हा कान कुठून आणलात?"
मी म्हणाले, सवय आहे लहानपणापासून.
"आणि रेकॉर्डी?"
वडिलांच्या.
का म्हणाले मी असं? कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाबांनी तर घरात रेडिओसुद्धा येऊ दिला नव्हता.

२८ जाने.
लेले घरी आले. गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात हाच कार्यक्रम ठेवताहेत, ८ तारखेला. हँडबिलचा मजकूर दाखवला: "वडिलांच्या दुर्मीळ संग्रहातून." तेव्हा बोलायचं होतं. पोहे केले.
ते गेल्यावर हे म्हणाले, "सासरेबुवांचा संग्रह? मला हुंड्यात दाखवला नाही कुणी."

८ फेब्रु., रवि.
लिहिते, नाहीतर उद्या बदलून लिहीन.
शंभरेक माणसं. सुरुवात छान. मग बाईच्या आवाजाची रेकॉर्ड हातात घेतली आणि नर्सची गोष्ट सांगायला लागले. मूल. आठ दिवस. "एका कारागिराने छोटी पेटी करून दिली." पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. बरं वाटलं मला तेव्हा. हे लिहायलाच हवं. बरं वाटलं.
तेवढ्यात तिसऱ्या रांगेत र.भाई दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. हँडबिल वाचून आले असणार.
थांबता आलं असतं. थांबले नाही. "माझ्या वडिलांच्या ओळखीची होती ती," मी म्हणाले, र.भाईंकडे न बघता.
रेकॉर्ड लावली तर मशीन जोरात पळायला लागलं, बाईचा आवाज चिरका. मला वेगाचा स्क्रू सापडेना. र.भाई उठून वर आले, बाजूचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. आवाज जागेवर आला.
लेले म्हणाले, "आपण?"
"मी मशीन दुरुस्त करतो," म्हणाले आणि खाली जाऊन बसले. मध्यंतरानंतर खुर्ची रिकामी.

९ फेब्रु.
शाळेत गेले नाही. यांना सगळं सांगितलं. टोमणा अपेक्षित होता. म्हणाले, "रेकॉर्डी परत दे आधी." आणि स्वतः चादरीची घडी केली.

११ फेब्रु.
दुकानात गेले. त्यांनी एकेक रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघितली. ओरखडा नाही. मी काय काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक "चुकले" एवढंच, तीन-चारदा.
"रेकॉर्डी तुमच्या वडिलांच्या झाल्या, चाललं," र.भाई म्हणाले. "माझे वडील 'एक कारागीर', तेही चाललं. पण त्या बाईचं मूल शंभर लोकांत कशाला काढलंत? आमच्या घरातसुद्धा कुणी बोलत नव्हतं."
"बसा" म्हणाले नाहीत. उभ्याने परत आले.

१५ फेब्रु., रवि.
मंडळात उभी राहिले. रेकॉर्डी रशीदभाईंच्या आहेत, असं सांगितलं.
लेले: "अच्छा, म्हणजे वडिलांनी त्यांना दिल्या होत्या?"
नाही म्हणायचं होतं. पाटणकरबाईंनी चहाचा कप पुढे केला, मी तो घेतला आणि विषय संपला. एक कप चहा पुरला मला गप्प करायला. वय वर्षे बावन्न. मुलींना नागरिकशास्त्र शिकवते.

२० फेब्रु.
मंडळाला पत्र लिहिलं. दोन पानांचं चार ओळींवर आणलं: रेकॉर्डी माझ्या वडिलांच्या नव्हत्या. पाय ऐकायला मला रशीदभाईंनी शिकवलं. नर्सची गोष्ट त्यांनी विश्वासाने सांगितली होती. ती मी मोडून खाल्ली.
लेल्यांनी उभ्याउभ्या वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. "पुढच्या बैठकीत वाचतो. आपण असाल ना?"
असेन म्हटलं.

२२ फेब्रु., रवि.
कसबा. पत्राचं सांगितलं. र.भाई एका मशीनची स्प्रिंग बसवत होते, मान वर केली नाही. "शंभर लोक विसरणार आहेत का पत्राने?" नाही, म्हटलं.
स्प्रिंग बसवून झाली. मग हात पुसून त्यांनी एक रेकॉर्ड लावली, मी न ऐकलेली. दोन व्हायोलिनं, गाणं नाही. यात काय ऐकायचं ते या वेळी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उभ्यानेच ऐकत राहिले.
संपल्यावर वाटलं, आता निघायला हवं. त्यांनी रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली.