धोका कमी, कारण खाली कोणी नाही

तीर्थरूप मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (एरवीपेक्षा जरा जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलो आहे. पत्र वाचल्यावर तुम्ही ‘ऊठ’ म्हणाल याची खात्री नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे सगळे ठीक, फक्त माझं पित्त वाढलंय, आणि त्याचं कारण तुमचं घर आहे.

मंगळवारी मी आलो तो भाचा म्हणून नव्हे, धरणांचा तपासनीस म्हणून, हे मी फाटकातच सांगितलं होतं. त्यावर तुम्ही, तपासनिसाला चहा चालतो ना, असं विचारलंत आणि मी तिथेच हरलो. तुमच्या घरामागचं ते मातीचं छोटं धरण बारा वर्षांपूर्वी माझ्याच सहीने ‘कमी धोका’ या वर्गात गेलं. आता गंमत अशी (गंमत हा शब्द मला नंतर खोडावासा वाटेल), की वर्ग ठरवताना धरण किती भक्कम आहे हे आम्ही पाहतच नाही. ते फुटलं तर खाली कोण सापडेल, एवढंच पाहतो. तेव्हा खाली झुडपं होती आणि एक गाढव, तेही वाट चुकलेलं. म्हणून धोका कमी. पुढे तुम्ही धरणावरचा फलक वाचून विश्वासाने खालची जागा घेतलीत, घर बांधलंत, आणि ज्या दिवशी आत पलंग आला त्या दिवशी धोका वाढला. धरण बिचारं होतं तिथेच आहे.

फॉर्मात एक रकाना असतो: खाली कोणी झोपतं का? एक माणूस जरी झोपत असला तरी वर्ग बदलतो, आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा रुंद होईपर्यंत तलावातलं पाणी निम्म्यावर आणावं लागतं. तुम्हाला हे माहीत होतं. निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून बांधलेली तुमची होडी त्याच पाण्यात आहे, हे मलाही माहीत होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ही अवजारांची खोली आहे. इथे कोणी झोपत नाही."

अवजारांना दोन उशा कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. खिडकीतल्या पेल्यात तुमची कवळी होती, तिकडेही पाहिलं नाही. मामींनी कप पुढे केला. "लिही बाबा, अवजारं दोन आहेत. त्यातलं एक गंजलंय." आपण तिघेही हसलो, आणि हसता हसता मी ‘कोणी झोपत नाही’ असं लिहिलं. भीड भिकेची बहीण, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलं होतं.

मग मी भरावाच्या पायथ्याशी गेलो. एका जागी गवत फारच हिरवं होतं आणि बूट घोट्यापर्यंत रुतला. पाझर आहे. पाणी स्वच्छ होतं. (गढूळ असतं, म्हणजे आतली माती वाहून येत असती, तर हे पत्र पोस्टाने आलं नसतं, मीच पळत आलो असतो.) घरी येऊन डायरीत सगळं खरं लिहिलं. फॉर्मात खोटं, डायरीत खरं, आणि अक्षर दोन्हीकडे एकाच माणसाचं. ते पाहवेना. आज सकाळी साहेबांसमोर तो रकाना खोडला आणि ‘दोन माणसं झोपतात’ असं लिहिलं. कोण, असं त्यांनी विचारलं. माझे मामा-मामी, असं सांगितलं. त्यांनी तिथेच आदेशावर सही केली. सोमवारपासून पाणी सोडतील. होडी चिखलात बसेल. मला वाईट वाटतं, पण ते लिहिलं याचं नाही. ते मंगळवारीच लिहिलं नाही, याचं.

तुमचा,
भाचा (तपासनीसही तोच)

ता. क. होडी रविवारपर्यंत काठावर ओढून घ्या. ओढायला मी येतो. आणि सांडव्याचं काम होईपर्यंत तुम्ही दोघं आमच्याकडे झोपायला या. हे विचारायलाच एवढं मोठं पत्र लिहिलं.

आणखी एक ता. क. वर फलकाचं लिहिलं ते खोटं आहे. त्या धरणावर फलक कधीच नव्हता. ताईच्या लग्नात जेवणाच्या रांगेत तुम्ही मला विचारलं होतं, "त्या धरणाचं काय रे?" मी ऐटीत म्हणालो, "कमी धोका." समजावून सांगायला चार वाक्यं लागली असती, आणि रांग पुढे सरकत होती.

शेवटचा. येताना दोन्ही उशा आणा. आमच्याकडे पलंग आहे, उशा नाहीत.