आईच्या छातीतली देवी

साकेत नगर, भोपाळ

मंजूस ताईचा आशीर्वाद,

मी बरी आहे, दोन वेळा जेवते. जिना चढताना दम लागायचा म्हणून यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीवर यंत्र फिरवून आवाज मोठा केला. मंजू, तो आवाज मी लगेच ओळखला. आईच्या छातीत घुमायचा तोच. नवरात्रात बाया रांगेने कान लावायच्या, देवी बोलते म्हणून नारळ ठेवायच्या, तोच.

बाई म्हणाल्या, हृदयाची झडप अरुंद झाली आहे, बारक्या फटीतून रक्त जोराने घुसतं, त्याचा हा आवाज. मी विचारलं, याने माणूस उभ्या उभ्या जातं का? म्हणाल्या, इलाज नाही केला तर जातं. आई आरतीचं ताट हातात असतानाच पडली होती. आपण म्हटलं, देवीने नेलं.

माझी झडप बदलणार आहेत, घोर लावून घेऊ नको. भाऊजींचे गुडघे कसे आहेत?

तू लिहिलंस, यंदा बाया तुझ्या अमृताच्या छातीला कान लावतात. आनंदाने लिहिलंस. असली झडप घराण्यात चालत येते म्हणे.

लिहिताना वही छातीला टेकवली आहे, ती थरथरते आहे. पोरीला पाटावरून उठव आणि पहिल्या गाडीने इथे आण.

वाट बघते,
तुझी ताई प्रमिला