विसावं घर

रविवार, २ सप्टेंबर

आलो एकदाचे! सामान उतरवणारे दोघे कपाट जिन्यात अडकवून एकमेकांना अक्कल शिकवत बसले होते. कपाट आडवं करा, हे शेवटी मलाच सांगावं लागलं. पण घर झकास आहे. पहिला मजला, दोन खोल्या, पूर्वेला ही थोरली खिडकी. ताईने खिडकी पाहिली आणि तिचा निम्मा शीण तिथेच उतरला. आईच्या मागे मला तिनेच वाढवलं. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडे असते असं मी लोकांना सांगतो, पण खरं तर मीच तिच्याकडे असतो. मी जेवलो की नाही हे विचारणारं जगात तेवढं एकच माणूस आहे. बाकीच्यांनी विचारावं अशी माझी इच्छाही नाही.

घराचा क्रमांक एकोणीस. खाली बेलच्या पाटीवर मात्र बटणं वीस आहेत. विसाव्यापुढे ना नाव, ना त्या क्रमांकाचं घर. पाटी आणताना वायरमनने घरं मोजायचे कष्ट घेतले नसणार. ताई म्हणाली, एकोणीस-वीस चालायचंच. प्रवासात कपाचा कान तुटला तेव्हाही ती हेच म्हणाली होती. संध्याकाळ व्हायच्या आत तिने लोकर शोधून काढली आणि माझ्या स्वेटरचे टाके घातलेही. रंग राखाडी. मला न विचारता, अर्थातच.

उद्या काचेच्या पेल्यांच्या कारखान्यात पॅकिंगचा तपासनीस म्हणून रुजू व्हायचं आहे. मजा येणार.

मंगळवार, ४ सप्टेंबर

कारखाना पाहिला. भट्टीची बाजू ठीक आहे. पॅकिंग विभाग म्हणजे आनंदीआनंद. लांबलचक टेबलं, कागदाचे गठ्ठे, पुठ्ठ्याचे खोके. खोक्यात उभ्याआडव्या पट्ट्या बसवून पाच चोक वीस कप्पे केलेले असतात. इथले लोक कप्प्याला ‘घर’ म्हणतात. घरं वीस, आणि पेले भरतात एकोणीस! कोपऱ्यातलं विसावं घर मोकळं सोडायचं आणि खोक्यावर खुशाल ‘नग १९’ असा शिक्का मारायचा.

कारण विचारलं. पट्टी लावणारा म्हणाला, वीस भरले की खोक्याचा तळ सुटतो. शिक्का मारणारा म्हणाला, शिक्काच तसा आहे, त्याला तो काय करणार. व्यवस्थापकांना मी मनातल्या मनात बरंबरंसाहेब हे नाव ठेवलं आहे, कारण त्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. ते म्हणाले, पूर्वीपासून असंच आहे, बरं बरं, बघू. पॅकिंगच्या बायकांची प्रमुख आहे तिला सगळे अक्का म्हणतात. ती म्हणाली, एक घर ज्याचं त्याला सोडावं. ज्याचं म्हणजे कोणाचं? ते काही तिला ठाऊक नाही. तिच्या आधीची बाई म्हणायची म्हणून ती म्हणते. चौघांची चार कारणं, आणि वीसपर्यंत मोजायची तयारी एकाचीही नाही. वासरात लंगडी गाय शहाणी असते म्हणतात. इथे तर ती लंगडी गायसुद्धा नाही.

माझ्या खणात आधीच्या तपासनीसाचा चष्मा सापडला. द्यायला कुठे पाठवू म्हणून त्याचं नाव विचारलं, तर कोणालाच आठवेना. आधी कोणी होतं का, असं बरंबरंसाहेबांनी मलाच विचारलं. असल्या डोक्याची माणसं कारखाने चालवतात.

रविवार, ९ सप्टेंबर

ताईला नवा चाळा लागला आहे. मला कामावर नेणारी बस एकोणीस नंबरची. न्हाव्याकडे रांगेत बसलो तर हातात बिल्ला आला तो एकोणीसचा. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वीसची पट्टी आणली, तर तिच्यातला एक फुगा रिकामाच. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीचं विसावं पान कोरं. हे सगळं ती बोटांवर मोजून मला सांगत होती, आणि सांगताना हसत होती, पण थोडं कमीच.

मी तिची यथेच्छ चेष्टा केली. आपण नवी चप्पल घेतली की गावभर सगळ्यांच्या पायात तीच चप्पल दिसायला लागते, त्यातलाच हा प्रकार. औषधवाला लबाड आहे, छापखानेवाला आळशी आहे आणि न्हाव्याला रांग लावता येत नाही; यात गूढ ते काय? एकोणीस हा बापडा साधा आकडा. छत्तीससारखी त्याच्यात भांडणंसुद्धा नाहीत. नावच बघ की, म्हटलं, एकोणीस म्हणजे एक उणा वीस. स्वतःचं धड नावही नाही त्याला, वीसच्या दारात उभं राहून आपली ओळख सांगतो. ताई म्हणाली, हो ना, मग तो उणा कुठे गेला? भाबडी आहे बिचारी.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. यापुढे वीस घरांत वीस पेले, असा हुकूम काढला. बरंबरंसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि बरं बरं म्हटलं. त्या माणसाला त्याच्या टेबलासकट विकायला काढलं तरी तो बरंच म्हणेल.

अक्काने मात्र हात बांधले. भरायचं तर तुम्ही भरा, म्हणाली. भरलं! पेल्याला कागद गुंडाळला आणि पहिल्या खोक्याच्या कोपऱ्यात माझ्या हाताने ठेवला. तळ सुटला नाही. आभाळही कोसळलं नाही. बायका मात्र भिंतीला पाल दिसावी तशा मागे सरल्या. मग एकेक करून सगळ्या टेबलांवर मीच फिरलो. संध्याकाळपर्यंत एकही घर रिकामं ठेवलं नाही. नवा शिक्काही करून घेतला. नाराज झाले सगळे. होऊ देत. असल्यांच्या नाराजीला मी खिजगणतीतही धरत नाही.

घरी येऊन ताईला सांगितलं, तुझा हरवलेला उणा शोधून जागेवर बसवला. ती स्वेटरच्या गळ्याचे टाके उचलत होती.

मंगळवार, १८ सप्टेंबर

विभागात बायका-पुरुष मिळून एकोणीस माणसं, आणि विसावा मी. आज चहा आला तो एकोणीस कप. चहावालीला झापलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली, भिंतीवर कॅलेंडर बघावं तशी. अक्काने मोजून सांगितलं म्हणे. अक्काला विचारलं तर तिने पुन्हा बोट नाचवत मोजलं. बोट माझ्यावरून सरळ पुढे गेलं. एकोणीसच आहेत, म्हणाली. खुन्नस काढते आहे, दुसरं काय! बायकांनी मिळून कट केला असणार. करा म्हणावं. मी असल्या पोरखेळाने वाकणारा नाही.

बसमध्ये वाहकाने तिकीट विचारलं नाही. एवढे गबाळे लोक एका गावात गोळा कसे झाले?

शनिवार, २२ सप्टेंबर

फाटकाजवळच्या फळ्यावर जाहिरात लागली आहे. पॅकिंग तपासनीस पाहिजे, जागा बऱ्याच दिवसांपासून रिकामी.

तडक बरंबरंसाहेबांच्या खोलीत गेलो. टेबलावर मूठ आपटली. त्यांनी कागद सारखे केले, पंखा थोडा कमी केला आणि कामाला लागले. बरं बरंसुद्धा म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडचं ते चोथा झालेलं बरं बरं ऐकायला मी किती वेळ उभा होतो ते लिहायचीही लाज वाटते.

हा कटच असणार. पण असल्या मूर्खांना एवढा नेटका कट जमेल?

घरी आल्यावर ताईने विचारलं, जेवलास का? बरं वाटलं. फार बरं वाटलं. जगाने मोजलं नाही म्हणून माझं काही अडत नाही. हिने मोजलं की झालं.

सोमवार, २४ सप्टेंबर

आज मी स्वतः मोजलं. मोजण्यावर माझं पोट आहे, मी चुकत नाही. टेबलापाशी उभा राहिलो, आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मोठ्याने एक म्हटलं आणि मग पुढे प्रत्येकाकडे बोट करत गेलो. शेवटी अक्का. एकोणीस.

कोणी गैरहजर नव्हतं. पुन्हा मोजलं. उलट्या बाजूने मोजलं. एकोणीस.

भीती वाटते आहे. लिहून टाकतो, उगाच शहाणपणाचा आव कशाला — मला भीती वाटते आहे. ते घर कोणाचं तरी होतं. मी ते भरलं. त्याला बसायला जागा उरली नाही, म्हणून त्याने माझी घेतली. असं मी लिहितो आहे. मी!

मंगळवार, २५

सकाळी लवकर गेलो आणि खोके फोडायला लागलो. कोपऱ्यातला पेला बाहेर, दुसऱ्या खोक्यातला बाहेर, तिसऱ्यातला बाहेर. बायका आल्या. बाहेर काढलेले पेले त्यांनी पाहिले आणि परत घरांत बसवले. वीस म्हणजे वीस, असं अक्का एका नव्या पोरीला शिकवत होती. पोरीने विचारलं, कोणी सांगितलं? अक्का म्हणाली, कोणीतरी सांगितलं होतं बाई.

मी तिच्या कानाशी ओरडलो. तिने कानावरचे केस मागे घेतले.

आतापर्यंत गेलेल्या गाड्या परत कशा आणू? गावोगाव दुकानांत भरली घरं जाऊन पडली आहेत — आणि माझ्या हाताने —

गुरुवार

ताईने एकच ताट घेतलं.

मी समोर बसलो होतो. तिला म्हटलं, अगं माझं? तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हसली. विसरलेच की रे, म्हणाली. दुसरं ताट आणलं. पण मध्ये जो वेळ गेला — तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांत मी नव्हतो.

तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिची माफी मागितली, चेष्टा केल्याची. तिने माझा हात धरला. म्हणाली, वेड्या, मी कशी विसरेन तुला? लहानपणी गर्दीत सारखं मोजायचे मी तुला, एकट्यालाच. मी रडलो. आता दर थोड्या वेळाने तिला हाक मारतो. ती ओ देते. थोडी उशिरा, पण देते.

शुक्रवार

कामावर गेलो नाही. ताईच्या मागे मागे फिरतो आहे. ताई, मी इथे. ताई, मी इथे. चार हाकांना एक ओ.

शेजारीण आली होती. ताई तिला म्हणाली, घर छान आहे, पण एकटीला जरा मोठंच पडतं. मी दोघींच्या मध्ये उभा होतो. ओरडत होतो.

शेजारणीने विचारलं, स्वेटर कोणाचा? ताईने तो हातावर पसरून बराच वेळ पाहिला. पुरुषी माप दिसतंय नाही, म्हणाली. कोणासाठी विणायला घेतला होता कोण जाणे.

शनिवार —

उसवते आहे. खिडकीत बसून. गळा गेला, बाह्या गेल्या, आता पाठ. धाग्याचं दुसरं टोक मी धरून ठेवलं आहे, घट्ट धरलं आहे — ती ओढते आणि ते माझ्या मुठीतून —

तिचा काही दोष नाही. तिला बोल लावू नये. कोणी वाचत असेल तर —

कोण वाचणार.

वार माहीत नाही

ताई, हे तुझ्यासाठी. मोठ्या अक्षरात लिहितो, तुझा चष्मा कुठे असतो तुला कधी सापडत नाही. तुला भाऊ आहे. धाकटा. आगाऊ. तूच वाढवलास. या टेबलाशी, या खुर्चीत बसून लिहितो आहे. वही उघडी ठेवतो. फक्त एकदा वाच आणि मोठ्याने म्हण — माझा भाऊ. तू म्हटलंस की मी — मला वाटतं मी परत —

ती दारात आली आहे. हातात लोकरीचा गुंडा. थांबली आहे. इकडेच बघते आहे, या टेबलाकडे, काहीतरी आठवावं तशी. ताई! कपाळाला आठी पडली — आठवतंय तिला — ओठ हलले —

म्हणते, किती दिवस ही खुर्ची रिकामीच पडलीय —

येते आहे — पदर सावरला — बसायला — ताई, बसू नकोस, इथे मी, अजून मी —